चिंबोरीची डावी बाजू

रविवार, ११ जानेवारी

हर्षित लबाडी करतो. आज खात्री झाली.

पटावरची माझी तिरंदाज सोंगटी मेली. दीड वर्ष जपलेली! खेळ हर्षित चालवतो, राक्षस सगळे त्याचे. आजचा राक्षस म्हणजे अवाढव्य खेकडा — चिंबोरी, जिव्याने शाडूची केलेली. माणसाची सोंगटी पटावर एक चौकोन व्यापते, चिंबोरी नऊ. नांग्या जिकडे, तिकडे तिचं तोंड. तिला एका डावात एकदाच वळता येतं. पाठीमागून वार करणाऱ्याला फाशावर दोन जास्त.

जिव्या दातिवऱ्याचा, समुद्रकाठच्या कोळ्यांच्या गावचा. त्याला हे मान्यच नाही. "चिंबोरीला कसली पाठ, हर्षितदादा? डोले काड्यांवर हायत तिचे. तिला सगलीकडचं दिसतं! आमच्याकडं पोरांना पन ठाव हाय."

"पटावर माझे नियम," हर्षित म्हणाला. आणि चिंबोरी माझ्याकडे वळवली. आमच्यातली चौथी, समिधा; तिची सोंगटी दुसऱ्या बाजूने अगदी लगत उभी होती. तिला पाठ मोकळी! तिने वार केला तेव्हा म्हणतो काय — "अरे, तू इथे कधी आलीस?"

नाटक.

बुधवार, १४ जानेवारी

हर्षितने मला लग्नाचं विचारून महिना झाला. आज तिळगूळ देताना पुन्हा: "मग?"

म्हटलं, ही मोहीम संपू दे. हसला. मी थट्टा करत नव्हते. पटावर एकीसाठी नियम वाकवणारा माणूस घरात काय करेल? समिधा आणि तो एकाच कंपनीत, एकाच बसने जातात. हे आधी कधी मनात आलं नव्हतं.

रविवार, १८ जानेवारी

नवीन सोंगटी घेतली, भालाईत. खेळण्यापेक्षा बघत जास्त बसले. जिव्या प्रत्येक चाल ओरडून सांगतो. समिधा मुकाट सोंगटी सरकवते. आणि पुन्हा तेच — चिंबोरी माझ्याकडे नाहीतर जिव्याकडे. तिच्याकडे नाहीच.

स्वयंपाकघरात सहज म्हटलं, "तुझं बरं चाललंय."

"जळतेस होय?" समिधा. "नशीब लागतं, बाई!"

मी चहा गाळला.

रविवार, २५ जानेवारी

कारखान्यात दाबमापक शंकास्पद वाटला तर मी तो काढून दुसऱ्या नळीला लावते. चूक त्याच्याबरोबर गेली, तर मापक खराब. चूक जुन्या जागीच राहिली, तर दोष जागेचा.

आज तेच केलं. डोळ्यांवर ऊन येतंय म्हणून समिधाशी जागा बदलली. ती हर्षितच्या उजवीकडे, मी डावीकडे, सोंगट्याही त्याच बाजूंना. तिच्यासारखीच न बोलता सोंगटी सरकवली. चिंबोरीने समिधाला झोडपून काढलं! माझ्याकडे वळलीच नाही. मी मागून भाला घातला.

"अरे, तू इथे कधी आलीस?"

तोच स्वर. म्हणजे माझा संशय त्याने ओळखला आणि आता मला खूश करतोय! लाच. जेवायला थांबले नाही.

पण चूक जागेवरच राहिली. हे लिहून ठेवते. अर्थ लागत नाही.

मंगळवार, २७ जानेवारी

त्याच्या गाडीवरून चिंचणीला निघालो. बोलायचं ठरवून गेले होते. बोलणं झालंच नाही. डावीकडच्या फाट्यावरून टेम्पो आला — लाल, भला मोठा, भर उन्हात. मी किंचाळले. याने ब्रेक मारला तो माझ्या किंचाळण्यामुळे.

"हा कुठून आला?"

गाडीचा डावा आरसा दिवाळीपासून फुटलेला आहे. आणि चालताना तो नेहमी डावीकडच्या माणसावर धडकतो. माझ्यावर धडकायचा तेव्हा मला वाटायचं — जाऊ दे काय वाटायचं ते.

रविवार, १ फेब्रुवारी

बाकीचे यायच्या आत मी हर्षितकडे गेले. तो पाणी आणायला उठला तेव्हा चिंबोरीभोवती चार सोंगट्या मांडल्या, दोन उजवीकडे, दोन डावीकडे.

"किती जणांनी घेरलंय हिला? पटकन सांग."

"दोघांनी."

मी नकारार्थी मान हलवली. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मान पुरती डावीकडे वळवली. बघत राहिला. "अरे, हे कधी..." एवढंच म्हणाला. मग उठून बाल्कनीत गेला.

जिव्या आला तो ओरडतच, "काय रं, आज चिंबोरीला झोप लागली काय?" कोणी हसलं नाही. खेळ झाला नाही.

सोमवार, २ फेब्रुवारी

डावीकडचं दिसत नाही हे त्याला ठाऊक होतं. दिवाळीपासून. नोकरी जाईल या भीतीने कोणाला सांगितलं नाही, समिधालाही नाही. मी म्हटलं, मला मागे बसवून गाडी चालवत होतास! तो म्हणाला, "पटावर तुला मुद्दाम उजवीकडे बसवायचो. दिसावीस म्हणून."

गाडीची चावी काढून घेतली. डॉक्टरांकडे बुधवारी जायचं आहे.

"आणि माझं उत्तर?"

"आधी डॉक्टर."

स्टेशनपर्यंत चालत आलो. मी त्याच्या डावीकडून.