घट आणि गोळी

२० सप्टेंबर १९९८, रविवार

उद्या घट बसणार. लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हापासून माझं नवरात्र एकदाही मोडलेलं नाही. तापाने फणफणले होते त्या वर्षीही नाही. यंदा शुगर मागे लागली आहे, पण शुगरला विचारून उपास धरणारी मी नव्हे!

मला आणि शेजारच्या बयाबाईला डॉक्टरांनी एकच गोळी दिली आहे, सकाळची. ‘गोळी घेतली की अर्ध्या तासात जेवायचं, उपाशी राहायचं नाही.’ बयाबाईनं भोळेपणानं नवरात्राचं विचारलं, तर तिला सरळ ‘उपास बंद’ म्हणून मोकळे झाले. ते ऐकून मी विचारलंच नाही. बयाबाई दोन दिवसांतून एकदा गोळी विसरते. माझी एकही चुकलेली नाही. उपासही होणार आणि गोळीही — दोन्ही चोख.

२२ सप्टेंबर

सकाळी पाण्याबरोबर गोळी. मग रात्रीच्या आरतीपर्यंत काही नाही. आरतीनंतर कपभर दूध, एक केळं. सूनबाई प्रीती मागे लागली आहे — ‘आत्या, उपाशीपोटी गोळी घेऊ नका म्हटलंय की डॉक्टरांनी.’ म्हटलं, तू तुझ्या भाकरी बघ.

२३ सप्टेंबर

दुपारी जरा हात थरथरले. जागरणानं असेल.

२५ सप्टेंबर, ललिता पंचमी

अजून अंगावर काटा आहे.

दिवसभर त्र्यंबोलीची यात्रा झाली. टेकडी चढले, उतरले, सगळं पायी. घरी येऊन तशीच आरतीला उभी राहिले. घंटा वाजायला लागली आणि हात थरथरायला लागले. घामानं अंग भिजलं. समईची एक वात दोन दिसायला लागली. पुढे मी काहीबाही बडबडले म्हणे, ते मला आठवत नाही. बयाबाईचं ओरडणं तेवढं कानात आहे — ‘आली! आक्काताईच्या अंगात अंबाबाई आली!’

बायकांनी मळवट भरला, पाया पडल्या, ओट्या भरल्या. इतक्या वर्षांत गल्लीत कुणाच्या अंगात आलं नव्हतं. माझ्या आलं! माझ्या उपासाचंच हे फळ. आई असती तर आज तिची छाती भरून आली असती.

आणि ही प्रीती! सगळ्यांना बाजूला सारून माझ्या तोंडाला साखरपाण्याचा पेला लावला. थोड्या वेळात सगळं शांत. सुनेनं देवीला साखरपाणी पाजून घालवली. तिच्याशी बोलणं बंद.

२६ सप्टेंबर

प्रीतीनं माझ्या मुलाला, विजयसिंहला, फितवलं. दोघांनी मिळून दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाले, ‘आक्का, ते अंगात येणं नव्हतं. तुमची साखर खाली गेलती. पोटात अन्न असू दे, नसू दे, ही गोळी साखर खाली ओढत राहते. सुनेनं साखर दिली नसती तर बेशुद्ध पडला असता. जीवसुद्धा गेला असता.’ उपास सोडा म्हणाले. ‘सोडायचा नसेल तर गोळीचं काय करायचं ते मी सांगीन, आपल्या मनानं काही करायचं नाही.’ मी मान हलवली. बाहेर आल्यावर विजयसिंहला म्हटलं, डॉक्टरांनी इंजेक्शनाचं बघावं, देवीचं मी बघते.

संध्याकाळी पलीकडच्या गल्लीतल्या बायकाही पाया पडायला आल्या. मी पाटावर बसले होते. बयाबाई म्हणाली, ‘तुझं बघून मी बी आजपासनं उपास धरलाय. गोळी बी आता चुकवत न्हाय. मला बी आई भेटंल की.’ माझ्यामुळे गल्लीत भक्ती वाढली. बरं वाटलं.

२८ सप्टेंबर

दुपारी माडीवर धुणं वाळत घालत होते. घंटा नाही, आरती नाही, समोर नुसती ओली लुगडी. आणि तेच थरथरणं. तोच घाम. कशीबशी खाली आले आणि डब्यातला गूळ तोंडात कोंबला. जरा वेळानं सगळं थांबलं. पंचमीला थांबलं होतं अगदी तसंच.

प्रीतीला हाक मारली. तिनं ताट वाढलं. भाकरी खाल्ली. नवरात्र मोडलं. रडू आलं. देवीपुढे नाक घासलं.

प्रीतीला बजावलं, बाहेर कुणाला सांगायचं नाही. ती म्हणाली, ‘आणि बयाकाकूंचं काय, आत्या?’

सांगायला तर हवं. पण बयाबाईला सांगितलं, तर पंचमीचं सगळं खोटं ठरेल. पाया पडून गेलेल्या बायकांना मी काय तोंड दाखवू? उद्या बघू.

२९ सप्टेंबर, अष्टमी

बयाबाईच्या दारापर्यंत गेले. तिनंच खाली वाकून पाय धरले. तशीच परत आले.

३० सप्टेंबर, खंडेनवमी

आरतीत बयाबाई घुमायला लागली. घामानं चिंब. बायका ओट्या घेऊन पुढे सरकल्या. मी साखरेचा डबा घेऊन गेले. प्रीतीनं आधी बघितलं, पाणी गिळतेय का. गिळत होती. साखरपाणी पाजलं, मग दोन घास भात, मग रिक्षात घालून दवाखाना. वाचली.

साखर कालवत होते तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, ‘आक्काताई, आईला असं घालवू नगासा.’

म्हटलं, ‘आई न्हाय ही, गोळी हाय. माझ्या बी अंगात गोळीच आलती.’