सत्तावीस नावांची हजेरी

१८ ऑगस्ट, सोमवार

आलो एकदाचे. दुबईच्या अल बर्शातला फ्लॅट फोटोत दिसला होता त्याहून मोठा निघाला. कंपनीने गाद्या, फ्रिज, गॅस सगळं आधीच लावून ठेवलंय. लेकीने, अस्मीने, बाल्कनीतून खालचा स्विमिंग पूल पाहिला आणि बॅगा उघडायच्या आधीच पोहायचा ड्रेस शोधायला लागली. तिच्या आईने, शुभ्राने, तिला मराठीत दम दिला, तिने इंग्रजीत उत्तर दिलं. म्हणजे इथेही घर आपलंच.

गणपती नऊ दिवसांवर आलेत. शेजारच्या बाईंनी शुभ्राला सांगितलं की बर दुबई भागात मूर्ती मिळतात, दूर्वासुद्धा मिळतात. तीही चिंता मिटली.

पुण्यात अकरा वर्षं मी कृत्रिम पाय बनवले. इथेही तेच करायचं, फक्त नव्या मशीनवर. ही वही शुभ्राने दिली. परदेशातलं पहिलं वर्ष लिहून ठेव, म्हणाली. ठेवतो.

२१ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी सव्वासहाला मेट्रो स्टेशनखालून ऑफिसची मिनीबस निघते. शारजाच्या हमरिया फ्री झोनपर्यंत सव्वा तास. बाहेरून आमची जागा कुठल्याही गोडाऊनसारखी दिसते. आत मात्र एका बाजूला वर्कशॉप, दुसऱ्या बाजूला बारा खाटांचा वॉर्ड आणि मध्ये चालायचा सराव करायला लांबलचक हॉल. मशीन पाहून मला अक्षरशः हात लावावासा वाटत नव्हता, इतकी नवी.

माझ्याआधी या टेबलावर वसईचा रॉयडन काम करायचा. त्याच्या कानशी अजून तशाच लावलेल्या आहेत, बारीकपासून जाडपर्यंत. नीटनेटका माणूस असणार. तो कुठे गेला विचारलं तर साइटवर, एवढंच कळलं.

सांगणारा हनीफ. भटकळचा, वीस वर्षं शारजात, अरबी मातृभाषेसारखी बोलतो. पेशंट आणि माझ्यामध्ये दुभाष्या तोच. त्याला हेमचंद्र म्हणता येत नाही म्हणून माझं पहिल्याच दिवशी हेमभाई करून टाकलं.

पेशंट सगळे तरुण, समुद्रापलीकडच्या एका देशातले. तिथे सात वर्षं लढाई चालली आहे. मला मुलाखतीत सांगितलं होतं की धर्मादाय काम आहे, सुरुंगांनी पाय गेलेले लोक येतात.

२६ ऑगस्ट, मंगळवार

हे साधे लोक नाहीत.

रोज दहा वाजता हॉलमधल्या स्पीकरवर हजेरी होते. पलीकडून, रणांगणावरून, कोणीतरी एकेक नाव पुकारतो. तिथले तिथून ओ देतात, आमच्या वॉर्डातले इथून. सत्तावीस नावं. मी मोजली.

जेवताना हनीफने सांगितलं. ही त्या लढाईतली सगळ्यांत निवडक तुकडी. सरकारची नाही, बंडवाल्यांची. इतर लोक मोर्चा धरून बसतात; हे सत्तावीस जण शत्रूच्या पाठीमागे उतरतात. तिथलं बंदर त्यांनी एका दुपारी घेतलं, समोर चारशे सैनिक असताना. चारशेतले बरेचसे तर न लढताच पळाले म्हणे, कारण रेडिओवर त्यांना हीच नावं ऐकू आली. मी म्हटलं, नावं ऐकून कोण पळतं? हनीफने ताटातला भात गोळा केला आणि म्हणाला, ती नावं मरत नाहीत असं तिथे सगळे मानतात.

शुभ्राला यातलं काही सांगितलं नाही. उद्या चतुर्थी. मूर्ती सुंदर मिळाली आहे.

४ सप्टेंबर, गुरुवार

आज इद्रीस गेला. माझा इथला पहिला पेशंट. डावा पाय गुडघ्याखाली सुरुंगाने उडालेला, उरलेला भाग वेडावाकडा. त्यावर बसेल असा सॉकेट, म्हणजे पायाची वाटी, घडवायला मला तीन साचे घ्यावे लागले. उंच, खोडकर. हनीफला मध्ये घेऊन मला प्रश्न विचारत राहायचा. अस्मी पोहायला शिकते आहे, हे मी त्याला सांगितलं होतं. रोज सकाळी विचारायचा, किती फूट झाले?

हॉलमध्ये तो धावून दाखवत होता तेव्हा मला रडू आलं. कामाचा असा आनंद पुण्यातही क्वचित मिळाला होता. मग तो गाडीत बसला आणि मला उमगलं की मी पाय दिलाय तो परत तिकडे जाण्यासाठी. टेबलावरच्या वस्तू इकडच्या तिकडे करत बसलो.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

हजेरीत चार दिवस इद्रीसच्या नावाला ओ नाही. पुकारणारा थांबतो, पुढे जातो. वॉर्डातले लोक तेवढा वेळ श्वास घेत नाहीत.

शेवटच्या नावालाही ओ येत नाही. ती तर मी आल्यापासून येत नाही. आज पहिल्यांदा कान देऊन ऐकलं. पुकारणारा अरबी वळणाने म्हणतो म्हणून लक्षात आलं नव्हतं. सत्ताविसावं नाव रॉयडन आहे.

हनीफला विचारलं. तो म्हणाला, तुकडीबरोबर पाय दुरुस्त करणारा एक माणूस लागतो. यल्ला, चला, काम करा हेमभाई.

२४ सप्टेंबर, बुधवार

क्रमाने लिहितो.

सकाळी टेबलावर खोका होता. त्यात मी बनवलेला इद्रीसचा पाय. धुतलेला, पण घोट्याच्या जोडात वाळू होती. मागोमाग हनीफने व्हीलचेअरवरून एकाला आणलं आणि खाली बघत म्हणाला, इद्रीस आला आहे, पाय बसवायचा आहे.

तो इद्रीस नव्हता. बुटका, गोरा, वेगळे डोळे. त्याने हसून माझा हात धरला आणि विचारलं, अस्मीचे किती फूट झाले?

पट्टी सोडली. हा सुरुंग नव्हता. सर्जनने सरळ कापलेला पाय होता, टाके ओले. गुडघ्याखाली उरलेल्या भागाची लांबी मोजली, चौदा सेंटीमीटर. जुन्या इद्रीसची होती तेवढीच.

मी म्हटलं, ही जखम दोन महिने तरी भरू द्यावी लागेल. दारात तुकडीचा कमांडर उभा होता. पन्नाशीचा, स्वच्छ पांढरा शर्ट, आवाज हळू. हनीफने भाषांतर केलं: इद्रीसला वेळ नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

हनीफ बोलला शेवटी, बसची वाट बघताना. माणूस पडला की त्याचं नाव पडू देत नाहीत. दुसरा निवडतात. तो नाव घेतो, आठवणी पाठ करतो, जखमसुद्धा घेतो. रेडिओवर सत्तावीस ते सत्तावीसच. शत्रू त्यालाच घाबरतो.

मी विचारलं, रॉयडनचं काय झालं? जूनमध्ये गेला, म्हणाला. तोफेचा गोळा पडला.

त्याचं नाव अजून का पुकारतात, हे मी विचारलं नाही. त्यानेही माझ्याकडे बघितलं नाही.

शुभ्राला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आपण परत जाऊ. तिघांचे पासपोर्ट व्हिसाच्या कामासाठी ऑफिसात आहेत.

२७ सप्टेंबर, शनिवार

दुपारी बेल वाजली. एक बाई, चाळिशीची, हॉटेलच्या युनिफॉर्मवर शाल. नाव कॉन्सेप्टा. रॉयडनची बायको. कंपनी हा फ्लॅट नव्या माणसाला देते हे तिला माहीत होतं. आधी ती इथेच राहायची.

ती म्हणाली, त्याचे मेसेज येतात दर रविवारी, मी ठीक आहे, काम आहे. पण मेसेज हिंदीत असतात. "मला तो हिंदीत कधी बोललाय? आम्ही वसईची माणसं."

शुभ्राने तिला चहा दिला. तिने मोबाइलमधला फोटो दाखवला. लग्नाच्या वाढदिवसाचा. हसरा माणूस. डाव्या हाताची अनामिका अर्धीच. ग्राइंडरमध्ये गेली, म्हणाली.

तो जिवंत नाही हे मला माहीत होतं. तरी मी म्हणालो, चौकशी करतो. शुभ्राने माझ्याकडे असं पाहिलं की —

सोमवारी पोलिसांत जायचं ठरवलं.

२८ सप्टेंबर, रविवार

कमांडर घरी आला. हनीफ बरोबर. खजुराचा डबा आणला. कॉन्सेप्टा आली होती हे त्याला माहीत होतं.

सोफ्यावर बसला. अस्मीच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. तिने सांगून टाकलं, "आय कॅन डू ट्वेंटी फीट नाऊ." तो म्हणाला, इद्रीसला कळवतो.

शुभ्रा चहा करायला आत गेली, तेव्हा काम सांगितलं. रॉयडनच्या बायकोला त्याच्या आवाजात, मराठीत, एक निरोप हवा आहे. ती लोकांकडे जायला लागली आहे. तुकडीत मराठी कोणाला येत नाही. निरोप दिला की शुभ्राचा आणि अस्मीचा पासपोर्ट मिळेल. माझा नंतर.

पोलिसांत गेलो तर? मी विचारलं नाही. त्याने अस्मीच्या शाळेचं नाव आणि बसचा नंबर बरोबर सांगितला.

३० सप्टेंबर, मंगळवार

केलं.

हनीफने फोन धरला. रॉयडनचा फोन, काच तडकलेली. मी म्हणालो, कॉन्सू, मी बरा आहे गं, नेटवर्क नसतं, तू कोणाकडे जाऊ नकोस, लवकर येतो. तिला तो कॉन्सू म्हणायचा हे कागदावर लिहून दिलं होतं.

दोन मिनिटांत तिचा आवाज आला. रडत होती, हसत होती. "आवाज बसलाय रे तुझा. सर्दी झाली का? किती दिवस झाले रे, किती दिवस." 

ओळखलं नाही असं कसं होईल? ओळखायचं नव्हतं तिला.

मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. परत आलो तर वॉर्डातले सगळे उभे होते. एकेकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

१ ऑक्टोबर, बुधवार

दोन पासपोर्ट मिळाले. उद्याचं दुपारचं विमान. शुभ्रा एकटी जायला तयार नव्हती. मी ओरडलो तिच्यावर. लग्नाच्या बारा वर्षांत पहिल्यांदा.

मी तिला कॉन्सेप्टाच्या निरोपाचं सांगितलं नाही. तिथे पोचली की सगळ्यांना सांग, पेपरवाल्यांना, दूतावासाला, असं सांगितलं. ही वहीसुद्धा नेणार होती. नको म्हटलं, विमानतळावर तपासली तर —

संध्याकाळी कॉन्सेप्टाचा नवा मेसेज. हनीफने वाचून घेतला माझ्याकडून. रागावू नकोस, पण एकदा तुझा हात दाखव. डावा. फोटो पाठव, मग मी गप्प बसेन.

भाषांतर ऐकून कमांडरने मान डोलावली. माझ्या हाताकडे बघत राहिला.

२ ऑक्टोबर, गुरुवार, सकाळ

बसमधून उतरल्यावर पळायचं ठरवलं होतं. कमांडरचे दोघे जण माझ्या आजूबाजूला बसले. गेटपर्यंत बरोबर.

वर्कशॉपला बाहेरून कडी. हनीफ आत आहे. मी म्हटलं, हनीफभाई, तुम्ही माणूस आहात. तो म्हणाला, "माझंही आधी दुसरं नाव होतं, हेमभाई. ते माझ्या बायकोलाही सांगता येत नाही."

दहा वाजले. हजेरी. इद्रीसने ओ दिली. सगळ्यांनी दिली. शेवटचं नाव. कोणी बोललं नाही. पुकारणारा पुढे गेला नाही. वाट बघत राहिला. मी तोंड घट्ट मिटून —

दुपारी एक

विमान दोन दहाचं. शुभ्राचा मेसेज, सिक्युरिटी झाली. अस्मीला खिडकी हवी आहे.

वॉर्डात सर्जन आलाय. नव्या इद्रीसचा पाय कापणारा तोच. हात धुण्याचा आवाज येतो.

कमांडरने निरोप पाठवला. ओ द्यायची की नाही, विमान सुटेपर्यंत हा निर्णय माझा आहे. विमान थांबवताही येतं.

दोन वीस

बसल्या. दार बंद झालं, शुभ्राने लिहिलं. धावपट्टीकडे निघालंय. तू कधी —

फोन घेतला हनीफने.

स्पीकर चालू केला पुन्हा. अवेळी. फक्त एकच नाव. थांबतो. पुन्हा तेच. बाहेर सगळे उभे आहेत, कुबड्यांचा आवाज बंद झालाय.

मी आता ओ दिली. शुभ्रा, मी ओ दिली. माझाच आवाज होता पण

दार उघडलं. हनीफ म्हणतोय, वही ठेव, रॉयडन, डावा हात टेबला