मी फक्त शेवटचा शब्द ओरडतो

आणि मी गातो हे तुम्हाला कुणी सांगितलं, ते आधी कळू द्या मामा. मागच्या पत्रात लिहिलं होतं की मी वेल्डिंग शिकतोय, या पत्रातही तेच लिहितो, कारण ते खरं आहे. तुम्ही मात्र भुईमुगाच्या ट्रकवाल्याबरोबर निरोप धाडलात, की आपल्या घराण्यात चार लोकांत तोंड उघडून कुणी पैसा घेतला नाही, ते भाटांचं काम, आणि भाचाच भाट झाला तर मामानं तोंड कुठे लपवायचं. मामा, गातो तो अलिऊन. मी फक्त प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द ओरडतो. तो म्हणतो, ‘आमच्या गल्लीत नळाला येतो नुसता वारा’, की मी म्हणतो ‘वारा’. संपलं. ‘वारा’ म्हणणं हे गाणं असेल तर आपल्या गावात गुरं हाकणारा प्रत्येक माणूस भाट आहे.

पण सलाम राहिला. सलाम विसरलेल्या पत्राला बरकत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. तर मामा, तुमच्यावर शांती असो. घरी शांतता ना? विहिरीवर शांतता? शेळ्या शांत? मामी शांत? (नसाव्यात, पण विचारणं माझं काम.) तुमचा गुडघा शांत? मास्तरांची टोपी खाणारा तो तांबडा बोकड शांत? इकडे शहराच्या पिकीन वस्तीतही सगळं शांतच आहे, म्हणजे एका बाजूला मशिदीचा कर्णा, दुसऱ्या बाजूला लग्नाचा, आणि मधे आमचं वेल्डिंग.

आता मुळापासून सांगतो, म्हणजे तुमचा राग योग्य माणसावर जाईल. तुम्ही मला वेल्डिंगच्या उस्तादांकडे पाठवलंत, पण उस्तादांच्या घरी झोपायला जागा नव्हती. शेजारच्या गल्लीतल्या अलिऊननं माझं आडनाव विचारलं. जोप म्हटल्यावर म्हणाला, मीही जोप, चटई उचल आणि ये. (आडनावाचा उपयोग होतो तो असा. पुढे तोटाही झाला, तो सांगतोच.) अलिऊन दिवसा कोळसा विकतो आणि संध्याकाळी त्याचं नाव बिबळ्या होतं. या धंद्यात खरं नाव कुणी सांगत नाही, आडनाव तर नाहीच. आडनाव सांगितलं की एखादी म्हातारी विचारते, तू कुणाचा रे, आणि तिथून पुढे शिवी द्यायची चोरी होते.

बिबळ्याचा शत्रू म्हणजे गेजावायचा वणवा. गेजावाय काही लांब नाही, इथून कोंबडी चालत जाते. पण वर्षभर दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, सगळं भांडण कॅसेटवर. यानं म्हणायचं, वणवा कसला, विझलेली काडी. त्यानं म्हणायचं, बिबळ्या कसला, भिजलेलं मांजर. मग मी म्हणायचं ‘काडी’. वस्तीला दुसरा उद्योग उरला नाही. आमच्या न्हाव्यानं वणव्याच्या एका माणसाची अर्धी दाढी केली आणि बाकीची गेजावायला जाऊन कर म्हणून हाकलून दिलं.

हे पाहून रोखायाबाईंच्या डोक्यात किडा वळवळला. या बाई बारशांना खुर्च्या आणि मांडव भाड्यानं देतात. त्यांनी दोघांना निरोप धाडले, की कॅसेटवर काय भुंकता, रविवारी दुपारच्या असरच्या नमाजानंतर फुटबॉलच्या मैदानावर या आणि समोरासमोर सवालजवाब होऊन जाऊ द्या. भिंती भरून कागद लागले. त्यावर बिबळ्याचं चित्र इतकं भयंकर होतं की अलिऊनची आई तीन भिंतींवरचं फाडून घेऊन गेली.

आता घोळ इथे झाला. मोठ्या कर्ण्यांचा लोखंडी सांगाडा वणव्याच्या घरी पडला होता आणि त्याचा पाय तुटला होता. रोखायाबाईंनी उस्तादांना सांगितलं, उस्तादांनी मला. शत्रूचं असलं तरी लोखंड ते लोखंड, म्हणून मी गेलो. दारात वणव्याची बहीण बसली होती, यासीन. आल्याचं सरबत विकते. मी सलाम केला, तिनं रीतीप्रमाणे आडनाव विचारलं. मी म्हटलं, जोप. ती आत वळून ओरडली, “आई, पातेलं झाक, जोप आलाय.” मामा, माझ्या हातातली हत्यारांची पिशवी खाली पडली. असं जोपला कोण बोलतं, हे काय तुम्हाला सांगायचं? वणवा आडनावानं न्जाय निघाला, म्हणजे आम्हा जोपांच्या थट्टेच्या नात्यातला. (तिनं सरबत दिलं. आलं जरा जास्त होतं, पेला निळा होता. हे सांगायचं काही कारण नाही.)

मी अलिऊनला काही बोललो नाही. कळलं असतं तर भांडणच उरलं नसतं, आणि तिकिटं विकली गेली होती.

रविवारी मैदान इतकं भरलं की लोक गोलच्या जाळ्यावर चढून बसले. पुढच्या खुर्चीत वणव्याचे वडील मोमारबाबा, रेल्वेतून निवृत्त झालेले, काठी दोन्ही हातांनी धरून. सुरुवात झकास झाली. अलिऊननं काडी काढली, वणव्यानं मांजर काढलं, लोक खूश. मग आमच्या बिबळ्यानं घसा ओला करायला मिरीची कॉफी घेतली, ती नको त्या नळीत गेली, आणि पुढची ओळ गेली ती गेलीच. तो माझ्याकडे बघतोय, मैदान माझ्याकडे बघतंय. मामा, ओळच नाही तर शेवटचा शब्द मी आणू कुठून? तोंडाला आलं ते ओरडलो: “न्जाय! भातखाऊ न्जाय!”

वणव्यानं माईक खाली केला.

“कोण बोललं?” 

“मी. मासांबा जोप.”

“आणि हा खोकणारा?”

“हाही जोपच.”

“अरे गुलामांनो,” वणवा म्हणाला आणि त्याला हसू आवरेना, “वर्षभर मालकाला शिव्या देताय आणि मालकाला पत्ता नाही?”

आता तुम्हीच सांगा, जोपनं न्जायला भातखाऊ म्हणावं, न्जायनं जोपला गुलाम म्हणावं, आणि राग आला त्याला पाप, हे थट्टेचं नातं काय मी काढलं? पणज्याच्या पणज्यापासूनचं आहे ते. अलिऊनचा खोकला थांबला आणि तो म्हणाला की न्जायांच्या बारशाला बाळाच्या आधी पाहुण्यांचे हात तपासतात, भात चोरला का म्हणून. वणवा म्हणाला, जोप मेला तर त्याच्या नाकाशी भात धरून खात्री करतात. मैदानातल्या लोकांना वाटलं आपणच का गप्प बसावं. जोप एका बाजूला सरकले, न्जाय दुसऱ्या बाजूला, ज्यांचं आडनाव तिसरंच होतं ते मधे बसून हसत राहिले. आमचा न्हावी न्जाय निघाला. रोखायाबाई खुर्चीवर उभ्या राहून सांगत होत्या, की मी भांडणाची तिकिटं विकली होती, बारशाची नाही. शेवटी मोमारबाबांनी काठी उगारली आणि म्हणाले, “घरी मासे-भात शिजलाय. भातखाऊ कोण, ते ताटावर ठरू दे.” आम्ही सगळे गेलो. ताटावर काय ठरलं ते मी लिहीत नाही, जोपांची अब्रू आहे.

पुढे मात्र वाईट झालं. भांडणाच्या कॅसेटी कुणी घेईना. जो तो म्हणायचा, आता तुम्ही नातेवाईक. अलिऊन कोळशाच्या पोत्यावर बसून मला म्हणाला, “मासांबा, तू माझा शत्रू खाल्लास. दुसरा एवढा चांगला शत्रू आता मी कुठून आणू?” म्हणून पोटासाठी दोघांनी मिळून थट्टेचीच कॅसेट काढली. तुमच्या रेडिओवर लागली असेल ती हीच. तेव्हा मामा, त्यात भाटगिरी नाही, वाडवडिलांची रीत आहे. तुमचा भाचा दर रविवारी इमानदारीत न्जायांच्या घरी जाऊन त्यांचा लोखंडी दरवाजा दुरुस्त करतो. (त्याला इतक्यांदा वेल्डिंग झालंय की आता तो दोघांनी ओढला तरी उघडत नाही.)

मामींना सलाम, गुडघ्याला शेक द्या, बोकडापासून टोप्या जपा.

तुमचा भाचा, वेल्डर,
मासांबा

ता. क. एक किरकोळ गोष्ट राहिली. यासीनबद्दल मी मोमारबाबांना विचारलं. ते म्हणाले, “जोपला मुलगी द्यायची तर आधी तांदळाच्या कोठाराला कुलूप घ्यावं लागेल.” सगळे हसले, मीही हसलो. घरी आल्यावर कळलं की हे हो होतं की नाही, ते मला समजलेलंच नाही. पुन्हा गेलो. म्हणाले, “गुलामानं मालकाची मुलगी मागितली, जग बुडायला आलं.” पुन्हा सगळे हसले. मामा, ते माझ्याशी सरळ बोलू शकत नाहीत आणि मी रागावू शकत नाही, असं हे आयुष्यभर चालेल. यासीन म्हणते, तिचं ठरलंय, पण बापाच्या तोंडून सरळ ऐकल्याशिवाय ती लग्नाला उभी राहणार नाही. आणि येत्या शुक्रवारी रुफिस्कचा एक कस्टममधला कारकून कोलाच्या बिया घेऊन मागणी घालायला येतोय. त्याचं आडनाव फाय. त्याच्याशी बाबा सरळ बोलतात. तोच तर धोका.

ता. क. २. तुमचं आडनाव सिल्ला. तुमच्याशी त्यांचं थट्टेचं नातं नाही. वडील नाहीत, मागणी घालायची ती मामानंच. पांढरा झगा घालून गुरुवारच्या बसनं या, कोला मोठ्या, पांढऱ्या आणा, आणि विचारा. तुम्हाला ते नाही म्हणाले तर ते खरंच नाही. मग मी तुमच्याच बसनं परत येतो, शेळ्या राखतो, आणि शेवटचा शब्दही ओरडत नाही.

ता. क. ३. रेडिओवर त्या कॅसेटची दुसरी बाजू लागली तर कान देऊ नका. निळ्या पेल्याची एक ओळ आहे, ती सुरुवातीपासून शेवटच्या शब्दापर्यंत माझी आहे. तिचे जे पैसे मिळाले तेच ट्रकवाल्याजवळ दिलेत, कारण उस्ताद शिकाऊ पोराला नुसतं जेवण देतात. गाण्याचा पैसा म्हणून परत करू नका, पैसा कुठून आला हे कोलाच्या बियांना कळत नाही. बसभाडं आणि कोला मिळून: बारा हजार फ्रँक.