तीन दिवसांची साखर

शनिवार पेठ, पुणे
८ फेब्रुवारी २००४

चि. प्रेमला हीस,
थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद. प्रकृती कशी आहे हे विचारण्यात अर्थ नाही, कारण तू "मस्त" असंच कळवणार (आपल्या घराण्यात ताप एकशे चारवर गेल्याशिवाय कुणी आजारी पडत नाही). मागच्या पत्रात चप्पल चावल्याचं मात्र एका ओळीत उरकलंस. म्हणून हे पत्र.

माझंही तसंच सुरू झालं. नव्या चपलेने करंगळीपाशी फोड आला. मी त्यावर हळद दाबून रोज फिरायला जात राहिलो. चौथ्या दिवशी पाय लालभडक, अंगात ताप, जखम वाटाण्याएवढी आणि ठणका मात्र जीव जाईल असा. आनंदी म्हणाली, "अहो, केयूरला बोलवू का?" मी म्हटलं, कशाला, हिंजवडीहून यायला पोराला दोन तास लागतात. तिने माझं न ऐकता फोन केला. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात तिने न ऐकल्याचा एवढा फायदा मला पहिल्यांदाच झाला.

केयूरने आल्या आल्या मला इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी लालीभोवती पेनाने रेघ ओढली. मी जन्मभर भूगोल शिकवला, पण सरहद्द अशी सरकताना पाहिली नव्हती. दोन तासांत लाली रेघेबाहेर! आतलं मांस सडत चाललंय, नुसत्या औषधाने भागणार नाही, कापावंच लागेल, उशीर केलात तर पाय जाईल, तुम्हीही जाल, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. मग साखर विचारली. मी ऐटीत रिपोर्ट पुढे केले, सगळे पास. बाईंनी रक्त घेऊन तीन महिन्यांची सरासरी काढली. प्रेमला, रक्तात हजेरीपट असतो गं! तपासणीआधी तीन दिवस भात आणि गोड बंद करणारा मी बाकीचे सत्त्याऐंशी दिवस काय करत होतो, ते सगळं निघालं. शाळेत एवढ्या पोरांच्या कॉप्या पकडल्या आणि शेवटी मीच सापडलो. आनंदी नुसता माझा हात धरून बसली. मला रडू आलं.

छोटंसं ऑपरेशन झालं. आता बरा आहे.

तुझा,
दादा

ता. क. छोटंसं म्हणजे दोनदा. डाव्या पायाची दोन बोटं गेली (मोजे तेच चालतात).

आणखी एक. हे वाचून झालं की सुनेला, हेमाला, तुझा पाय दाखव, तळव्यासकट. आणि उद्याच डॉक्टरकडे जा, आधी कसलंही पथ्य न पाळता. तीन दिवसांची युक्ती तुला मीच शिकवली होती. ती परत घेतो. उभ्या नोकरीत शिकवलेलं कधी परत घेतलं नव्हतं.