एक घंटी थांब्याची

होडीवरून, पहिल्या धक्क्याजवळ
३ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

निघालो एकदाचे! सकाळी तुझी मावशी धक्क्यावर आली होती. तिने शिवलेलं निळं छत होडीवर असं ताणून बसलंय की बाबा दर थोड्या वेळाने वर बघून खूश होतात. मावशीने मात्र डोळ्यांना पदर लावला. मी म्हटलं, अगं, आम्ही लेकीच्या बाळंतपणाला चाललोय, वनवासाला नाही. त्यावर म्हणाली, बसने संध्याकाळी पोचाल तिथे होडीने तीन आठवडे लावताय, याला वनवास नाही तर काय म्हणायचं?

तिला कसं समजावू? उभा जन्म बाबांनी बस चालवली आणि त्याच बसमध्ये मी तिकिटं फाडली. रस्ता ठरलेला, थांबे ठरलेले. रोज पुलावरून जाताना खाली नदी दिसायची आणि बाबा म्हणायचे, रिटायर झालो की हिच्यावरूनच जाऊ, पार समुद्राला लागेपर्यंत. मला वाटायचं, बोलणारा बोलतोय. आता बघ! मागे गादी, मधे स्टोव्ह, आणि छताच्या दांडीला आपल्या जुन्या बसची घंटी. बस मोडीत निघाली तेव्हा डेपोने मला निरोपाला दिली होती ना, तीच. दोरी माझ्या बसायच्या जागेपर्यंत ओढून घेतलीय.

निघताना काय झालं माहितेय? बाबा इंजिन सुरू करून, सुकाणूवर हात ठेवून, नुसते बसलेले. मावशीचा हात हलवून हलवून दुखायला लागला. मी विचारलं, बिघडलं का काही? तर म्हणाले, बेल कुठे दिलीस? डबल बेलशिवाय गाडी कधी हलवली नाही, आता म्हातारपणी नियम मोडायचा का? मी दोरी दोनदा ओढली. धक्क्यावरची माणसं हसली, आणि मला नोकरीच्या पहिल्या दिवसासारखी धडधड झाली.

मला पोहता येत नाही हे नदीला अजून कळलेलं नाही. तू कळवू नकोस. जावईबापू महिनाअखेरपर्यंत जहाजावर, तू एकटी, हे ध्यानात आहे. डॉक्टरांच्या तारखेआधी आम्ही तुझ्या दारात, हा कंडक्टरचा शब्द. फोनवर आपलं दोन वाक्यांत वाजतं, म्हणून पत्रच लिही, चौथ्या धक्क्याच्या कचेरीच्या पत्त्यावर. जड उचलू नकोस.

तुझी, सध्या काठ सोडलेली,
आई


बंदरावरून
९ फेब्रुवारी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी कचेरीत इतकी हसले की माइक चालू आहे हेच विसरले. सगळ्या बंदराने ऐकलं. अमुक लाँच सुटत आहे, तमुक लाँच धक्क्याला लागत आहे, हे सांगायची माझी नोकरी. माझं हसू ऐकायची कुणाला सवय नाही. पोट आता टेबलामागे मावत नाही, म्हणून तिरकी बसून बोलते.

बाबा, नदी संपली की आखात लागेल. तिथे नदीचे लाड चालत नाहीत. ओहोटी संपते आणि भरती सुरू व्हायची असते, तेव्हा पाणी थोडा वेळ निवांत उभं राहतं. तेव्हाच, सकाळच्या लाँचच्या मागोमाग निघायचं. पुढे-पुढे करायचं नाही.

आई, घंटीचं वाचलं आणि मावशीची खिडकी आठवली. शाळा सुटली की मी तिच्याकडे, आणि संध्याकाळी तुमची बस त्या खिडकीखालून जायची. नियमात दोनच गोष्टी, एक घंटी थांबायची, दोन निघायच्या. तू माझ्यासाठी नियमाबाहेरची तिसरी द्यायचीस. मी गजांना धरून उभी असायचे. पण खरं सांगू? बस कधी थांबली नाही. तिथे थांबा नव्हता, तुमच्या फेऱ्या राहिलेल्या असायच्या, सगळं मला कळायचं. तरी ती तिसरी ऐकली की एकच वाटायचं, चालले.

या वेळी मला तुम्ही हवे आहात. दोघंही. रात्री एकटीला धास्ती वाटते, हे फोनवर मी मेले तरी बोलले नसते. वेळेवर या.

तुमची वाट बघणारी,
ठकू


होडीवरून, चौथ्या धक्क्याला
१८ फेब्रुवारी

चि. ठकूस,
उदंड आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र इथे कधीचं येऊन पडलंय, आम्हीच उशिरा आलो. का ते ऐक, आणि रागावू नकोस. धक्का दिसला की बाबांचा हात आपोआप होडी कडेला घेतो. लहानसहान, मोडका, कसलाही धक्का असो, थांबा म्हणजे थांबा. आणि गाडी थांबली की माझी जीभ चालू होते. चला, आत सरका, मागे जागा आहे! मागे म्हणजे आमची गादी. माणसांना वाटतं, नवी फेरी सुरू झाली. बसतात बिचारी.

एक न्हावी त्याच्या खुर्चीसकट चढला. फुकट प्रवास नको म्हणून बाबांची दाढी करायला बसला. सुकाणू मी धरलं, मी! एक गाल झाला आणि त्याचं उतरायचं ठिकाण आलं. मी म्हटलं, दुसरा गाल होईपर्यंत थांबवा त्याला. बाबा म्हणाले, उतारूला अडवायचं नाही. दोन दिवस तसेच अर्धे हिंडले. मग एक बाई शेळी घेऊन चढल्या, आणि शेळीने मावशीच्या छताचा कोपरा खाल्ला. हे मावशीला अजिबात कळवू नकोस.

तुझं पत्र मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. खिडकीपाशी आले आणि पुढचं बाबांनाच वाचायला दिलं. ठकू, ती तिसरी घंटी म्हणजे मी तुला मारलेली हाक होती. दिवसभरात तेवढीच माझ्या हक्काची होती. तुला ती जाण्याची वाटायची हे मला आज कळलं, आणि फार लागलं. बाबांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, आता मधे कुठेही थांबा नाही. इथल्याच धक्क्यावरून लोकांनी बसायला हात केला, तर हे समोर बघत राहिले, कान लालबुंद.

आता माझं सांगते. आखाताचा विचार आला की मी होडीची कड घट्ट धरून बसते. शेवटच्या धक्क्यावरून बंदराला बस जाते म्हणे, वळसा घालून. बाबा म्हणतात, तू बसने जा, मी होडी घेऊन येतो. वर म्हणतात, जबरदस्ती नाही, दोरी तुझ्या हातात आहे. म्हणजे सगळं माझ्यावरच आलं ना!

तुझी, घाई आणि भीती दोन्ही झालेली,
आई


बंदरावरून
२१ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र शेवटच्या धक्क्यावर मिळेल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तारखेची वाट बघू नका, आधीही होईल. तेव्हा तू सरळ बसने ये. बादलीत पाय बुडवताना भिंत धरणारी बाई तू, तुला आखातात कशाला घालायचं? बाबा मागून येतील. तू बसमधून उतरलीस तरी मी तेवढीच नाचेन, नाचता आलं तर.

मनापासून लिहिते आहे, टोमणा नाही.

तुझी,
ठकू


शेवटचा धक्का
२५ फेब्रुवारी

चि. ठकूस,
आशीर्वाद. घाईत लिहिते.

तुझं ऐकलं. पिशवी घेऊन बसमध्ये चढले, खिडकीशी बसले. थांबा धक्क्याला लागूनच आहे, खाली आपली होडी दिसत होती. बाबा इंजिन सुरू करून सुकाणूशी बसलेले. म्हणाले होते, नुसतं तपासून बघतो. बसची कंडक्टर मुलगी चुणचुणीत, तिने झोकात डबल बेल दिली. आणि काय सांगू! ती बेल खाली ऐकू गेली आणि बाबांनी सवयीने होडी हाणली. दोर धक्क्याला बांधलेला! होडीने हिसका खाल्ला, स्टोव्ह पाण्यात, आणि बाबा गादीवर उताणे.

मी उठून बसची दोरी ओढली. एकदाच, ठणकावून. ती मुलगी गर्रकन वळली. मी म्हटलं, बाई, मला उतरू दे, तो माणूस दुसऱ्याच्या बेलवर निघाला तर कुठल्या कुठे जाईल.

भीती गेली असं समजू नकोस, चांगली शाबूत आहे. पण आम्ही दोघं एकाच गाडीवर नसलो की गाडी नीट चालत नाही, त्याला माझा इलाज नाही. उद्या सकाळी पाणी उभं राहिलं की लाँचच्या मागे निघतो. हे पत्र त्याच कंडक्टर मुलीबरोबर पाठवते आहे. धक्क्यावर ये, पण बसायला खुर्ची घेऊन ये.

तुझी, निघालेली,
आई


बंदरावरून
२८ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं अभिनंदन, तू आजी झालीस! काल सकाळी मुलगी झाली. नाक बाबांचं, आवाज आईचा, भरल्या बसमध्ये शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. आई पलंगाशी बसून सगळ्या नर्सना आत सरका, आत सरका करते आहे. तुझ्या छताचा एक कोपरा शेळीने खाल्लाय. तुला सांगायचं नाही असं ठरलं होतं, पण तुझ्याशी मला खोटं बोलता येत नाही.

परवाचं सांगायचं राहिलं. रजेवर असूनही मी हट्टाने माइकपाशी जाऊन बसले होते. लाँच आली, आणि तिच्या मागे तुझं निळं छत. आई छताच्या दांडीला मिठी मारून उभी होती, डोळे घट्ट मिटलेले. बाबा एवढे हसत होते की लांबूनही दात दिसत होते. निळ्या छताची होडी धक्क्याला लागत आहे, उतारूंनी सावकाश उतरावे, असं मी जाहीर करायला गेले आणि अर्ध्यातच रडू फुटलं. माइक तसाच टाकून धक्क्यावर धावले, म्हणजे या अंगाने जमेल तशी.

होडी जवळ आली तशी माझी छाती धडधडायला लागली. तुझ्या खिडकीत व्हायचं ना, अगदी तसंच. गज नव्हते म्हणून मी कठडा धरला. आईने डोळे न उघडताच दोरी चाचपली आणि ओढली.

एक घंटी झाली. मी दुसरीसाठी कान लावून उभी राहिले, तिसरीसाठीही. पण वाजली ती एकच, आणि होडी थांबली.

तुझा लोभ मला कधी कमी पडला नाही. आता तो आम्हा दोघींत वाटून दे.

तुझी,
ठकू