विधानसभेची करकरणारी खुर्ची

वर्षा सूनबाई,

कुणाला खरं वाटणार नाही, पण आज पहाटे आपल्या हर्षदाच्या शाळेतल्या मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, "आबा, गांधीनगरला विधानसभा बघायची सहल तुमच्यावाचून अडलीय. तिथली मोठी खुर्ची करकरते, आणि उधन्याच्या कारखान्यांत तुमच्यासारखा यंत्रमागाचा मिस्त्री दुसरा नाही!" मग काय, पाना खिशात टाकला आणि निघालो.

तेव्हा मुलांसोबत सहलीला जायला शेठने तुला सुट्टी दिली नाही म्हणून तोंड पाडून बसू नकोस. मॅडमना सोबतीला आई नकोच होती, मिस्त्री हवा होता. टोपलीत भाकरी आहे, जेवून घे.

हर्षदा माझ्या खांद्यावरून वाचतेय आणि ओरडतेय, "आबा, खोटं! काल तुम्हीच मॅडमच्या मागे लागला होतात, 'आईच्या जागी मला घ्या' म्हणून!"