बारा महिने अठरा अंश

प्रिय भांडकुदळबाई,

आमच्या घराशेजारचा वरचा तुकडा घ्यावा का, असं तू विचारलंस. दलाल रविवारी कागद घेऊन येणार, त्याआधी दादाचं मत हवं म्हणालीस. जन्मात पहिल्यांदा माझं मत मागितलंस, तेव्हा जरा पाल्हाळ लावतो, ऐकून घे. मेहुण्यांची छाती, डॉक्टरांनी सांगितलेली डोंगरावरची हवा, आवाक्याबाहेर गेलेल्या जागा, सगळं मला कळतं. आम्हीही त्याच पायी वणवण केली. दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी डोंगर पालथे घातले. कुठे पाणी नाही, कुठे रस्ता नाही, कुठे धुकं इतकं की तुझ्या वहिनीचा दमा उलट बळावायचा. आणि जिथे सगळं जमायचं, तिथला भाव ऐकून आम्ही गुपचूप चहा पिऊन परत यायचो.

मग ही जागा मिळाली. झऱ्याजवळची सपाट जमीन, वर बांधलेलं घर, आणि भाव असा की मी दलालाला विचारलं, भूतबित आहे का बाबा? तो हसला नाही. म्हणाला, साहेब, आजवर इथून कुणी तक्रार घेऊन आलेलं नाही. आधीचे मालक निवृत्त मास्तर होते. त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलीने रोजचं तापमान लिहून ठेवलं होतं, तीन वर्षांचं. सकाळी अठरा, दुपारी अठरा, संध्याकाळी अठरा.

आता मी हवामान खात्यात बत्तीस वर्षं आकडे टिपलेला माणूस. ओळीने सारखे आकडे दिसले की निरीक्षक अंथरुणात लोळत वही भरतोय, हे आम्ही लांबून ओळखतो. त्याच कारणावरून मी हाताखालच्या एकाची नोकरी घालवली होती. आणि तोच मी त्या भिंतीसमोर उभा राहून म्हणालो, वा, काय हवा आहे! तुझी वहिनी तेव्हा बाहेर पायरीवर धापा टाकत बसली होती. तिच्यासाठी मला ते आकडे खरे हवे होते. मी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं.

पण मास्तर खोटं लिहीत नव्हते गं. राहायला आल्यावर मी अंगणात झडपांची पांढरी पेटी उभारली आणि माझा जुना तापमापक आत टांगला. पहाटे अठरा, भर दुपारी अठरा, पावसात अठरा. दोरीवरचे कपडे कधी हलत नाहीत. धूर सरळ वर जातो. उकळता चहा कपात ओतला की तोंडाला लावेपर्यंत निवतो. आणि चौथ्या दिवशी तुझ्या वहिनीचा खोकला थांबला. पंधरा वर्षांनी ती आडवी होऊन शांत झोपली. मी तिच्या उशाशी बसून लहान मुलासारखा रडलो.

आसपास सात घरं आहेत, सगळे हवेसाठी आलेले. एक परिचारिका आहेत, एक टंकलेखक, एक रेल्वेतले गार्डसाहेब. दिवसभर ओट्यावर खुर्ची टाकून दरीकडे बघत बसतात. मुलं कुठे असतात म्हणून विचारलं तर हसून म्हणतात, छान हवा आहे. परिचारिकाबाई पायरीवरून घसरल्या, नडगीचं हाड दिसत होतं, तरी त्या तेच म्हणाल्या. मास्तरही गेलेले नाहीत. ते आणखी वर, खडकावर बसतात, उघड्यावर. घराची गरज उरली नाही म्हणाले. मी त्यांचा हात हातात घेतला आणि पटकन सोडला.

महिनाभर मी घराच्या डागडुजीचं सामान आणायला रोज खालच्या बाजारात जात होतो. ही मात्र ओट्यावरच बसायची. एके दिवशी तिने चुलीवरचं पातेलं फडक्याशिवाय उचललं, आणि मी ओरडलो तेव्हा माझ्याकडे बघून नुसती हसली. मी पेटीतला तापमापक आणून तिच्या काखेत धरला. पारा अठरावरून हललाच नाही. मी तिला तशीच जीपमध्ये घातली आणि खाली डॉक्टरांकडे निघालो. तिसऱ्या वळणावर तिचा श्वास अडकला, ओठ काळेनिळे पडले, तिने माझी बाही घट्ट धरली. मी गाडी वळवली. वर पोहोचताच ती उतरली, खुर्चीत जाऊन बसली आणि म्हणाली, छान हवा आहे. त्यानंतर मी खाली गेलेलो नाही. दहा दिवस झाले. सवय जात नाही, म्हणून माझाही आकडा रोज सकाळी आठला टिपतो. पहिल्या दिवशी सदतीस होता. आज सव्वीस आहे.

परवा तुझं पत्र आलं, तुझ्या लेकीला मुलगी झाल्याचं. ते वाचून मला काहीही वाटलं नाही. छान, म्हणालो आणि दरीकडे बघत बसलो. दुपारी भान आलं तेव्हा मी मुळापासून हादरलो. म्हणून आता चुलीला खेटून, पाय कढत पाण्याच्या बादलीत बुडवून लिहितोय. दर चार ओळींनी नवं पाणी ओततो. तेवढा वेळ तू आठवतेस, ते बाळ एकदा मांडीवर घ्यावंसं वाटतं, आणि भीती वाटते. लवकर या, असं वहिनीचं पत्र तुला आलं असेल. जी बाई तू आलीस की तुझ्या परतीच्या गाडीची चौकशी करायची, ती तुला कायमचं शेजारी बोलावते आहे, यातच काय ते समज. आठवड्याभरात मीही तसंच पत्र लिहीन. अक्षर माझंच असेल, भाषा गोड असेल, हवेबद्दलचा शब्दन्‌शब्द खरा असेल. ते फाडून टाक. दलालाला उंबऱ्यावरूनच परत पाठव. मेहुण्यांना तिथेच राहू दे, खोकत का होईना, तुझ्याशी भांडत का होईना. आणि मला न्यायला येऊ नकोस. इथे तिला श्वास घेता येतो, तिला सोडून मी कुठेही जाणार नाही.

तुझाच, हे पाणी निवेपर्यंत तरी तुझाच,
दादा